लिफ्टर उन्हाळ्यात उडतो, जूनमध्ये बसतो: गळती कुठे शोधायची

लिफ्टर म्हणजे हाय व्होल्टेजने हवा खाली ढकलून उडणारा, काड्या आणि फॉइलचा हलका सांगाडा. फेब्रुवारीत टेबलावरून वीतभर उचललेला आमचा लिफ्टर जूनमध्ये जागचा हलत नाही. सप्लाय तोच, फ्लायबॅक (जुन्या टीव्हीतला हाय व्होल्टेजचा ट्रान्स्फॉर्मर) तोच, तारही तीच. सूं असा आवाज येतो, ओझोनचा तिखट वास येतो, मधूनच चट् करून ठिणगी पडते आणि लिफ्टर मात्र एका कोपऱ्यावर जरासा थरथरून गप्प. पुतण्या म्हणतो, "काका, परत बसला बघा." ही रड आमच्याकडे सलग दोन पावसाळे चालली. तिसऱ्या वर्षी कारण सापडलं. सापडल्यावर स्वतःचीच लाज वाटली, कारण माझा धंदा मोटार रिवायंडिंगचा. भिजलेली मोटार वाळवून, वार्निश मारून, मेगर (इन्सुलेशनचा रोध मोजायचा मीटर) लावून परत देणं हे मी सांगलीत रोज करतो. २०१९ च्या पुरानंतर तर नदीकाठच्या मोटारींची दुकानाबाहेर रांग होती. आणि घरातल्या तीन ग्रॅमच्या खेळण्यात तीच भानगड आहे हे मला दोन वर्षं दिसलं नाही.

ज्यांचा लिफ्टर मुळात कधी उडालाच नाही, त्यांच्यासाठी इथे फार काही नाही. ज्यांचा उडत होता आणि हवा बदलल्यावर बसला, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितो.

आधी यंत्र काय करतं ते थोडक्यात. त्रिकोणी सांगाडा, खाली ॲल्युमिनियम फॉइलची पट्टी, तिच्यावर तीन सेंटीमीटरवर केसाएवढी बारीक तार. तारेला साधारण २५ किलोव्होल्ट धन आणि फॉइल शून्यावर. तार बारीक असल्यामुळे तिच्या अंगालगत विद्युत क्षेत्र इतकं तीव्र होतं की तिथली हवा फुटते, जांभळट प्रकाश दिसतो. यालाच कोरोना म्हणतात, आणि त्या रोगाच्या आधीपासून म्हणतात. तिथे तयार झालेले धन आयन, म्हणजे धन भार असलेले हवेचे कण, फॉइलकडे पळतात आणि वाटेत हवेच्या साध्या कणांना ढकलत नेतात. हवा खाली, लिफ्टर वर. यात गुरुत्वाकर्षण रद्द होण्याचा काही प्रकार नाही. अमेरिकेतले संशोधक टाउन्सेंड ब्राउन यांनी १९२० च्या दशकात तसं काहीतरी असल्याचा समज करून घेतला आणि तो अजून लोकांच्या डोक्यातून जात नाही. उदबत्ती पेटवून लिफ्टरजवळ धरा. धूर आपला वर चाललेला असतो, तो वळून तारेकडून फॉइलकडे खाली ओढला जातो. एवढा पुरावा मला पुरला.

आता दुरुस्तीला उपयोगी पडणारं एकच सूत्र. उचल म्हणजे करंट गुणिले तार-फॉइल अंतर, भागिले आयनांची हवेतली चपळता. ही चपळता मीटर-सेकंदाच्या हिशेबात साधारण ०.०००२ धरा. आमचा बांबूच्या कामट्यांचा लिफ्टर ३.४ ग्रॅमचा. त्याला उचलायला तीन सेंटीमीटरच्या फटीत ०.२२ मिलिअँपिअर लागतात. म्हणजे मीटरवर ०.३० दिसले तर तो आरामात उडायला हवा, आणि फेब्रुवारीत उडत होताच.

जुलैत मीटर लावला तर ०.५५ मिलिअँपिअर.

इथे मी पहिल्यांदा चकलो. करंट जवळपास दुप्पट आणि उचल शून्य. माझं मन म्हणालं, फ्लायबॅक थकला. भंगारवाल्याकडून जुन्या २१ इंची रंगीत टीव्हीचा दुसरा ईएचटी, म्हणजे फ्लायबॅकच, आणला. तोही तसाच. मग ड्रायव्हरचे, म्हणजे फ्लायबॅकला चालवणाऱ्या सर्किटचे, दोन्ही मॉस्फेट ट्रान्झिस्टर बदलले. मग पुतण्याने शक्कल काढली, बारा व्होल्टच्या जागी चोवीस देऊ. दिले. खाड्कन ठिणगी पडली आणि एका कामटीवर तारेपासून फॉइलपर्यंत काळी रेघ उमटली. ती रेघ म्हणजे कोळसा, आणि कोळसा वीज वाहतो. त्यानंतर त्या कामटीवरून प्रत्येक वेळी तिथेच ठिणगी. अशी रेघ खरवडून जात नाही, आतपर्यंत गेलेली असते. काडी फेकून द्यायची, दुसरं काही करत बसू नका.

करंट जास्त आणि उचल कमी, हे लक्षण दिसलं की सप्लायला हात लावू नका. सूत्र खोटं बोलत नाही. जो करंट आयनांच्या रूपाने हवेतून जातो तोच उचलतो. बाकीचा दुसऱ्या कुठल्या तरी वाटेने पळतोय. वर त्या पळणाऱ्या करंटमुळे फ्लायबॅकचं व्होल्टेज खाली बसतं, कारण आपला सप्लाय काही महावितरणचा ट्रान्स्फॉर्मर नव्हे. आमचं २५ वरून १९ किलोव्होल्टवर आलं होतं. कोरोनाचा करंट व्होल्टेजच्या सरळ प्रमाणात घटत नाही, तो व्होल्टेज गुणिले कोरोना सुरू होण्याच्या पातळीच्या वरचं व्होल्टेज अशा हिशेबात जातो. आमच्या तारेला कोरोना सहा किलोव्होल्टच्या आसपास सुरू होतो. मग २५ गुणिले १९ म्हणजे ४७५, आणि १९ गुणिले १३ म्हणजे २४७. व्होल्टेज पाव हिश्शाने पडलं आणि वारा निम्म्यावर आला. ०.३० चे झाले ०.१५ आणि लागतात ०.२२. उरलेले ०.४० गेले कुठे?

मोजायचं कसं, ते आधी

एक हजार ओहमचा रेझिस्टर घ्या. त्याच्या दोन टोकांवर मल्टिमीटर व्होल्टच्या रेंजवर लावा. एक मिलिअँपिअरला एक व्होल्ट दिसतो. रेझिस्टरला समांतर ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि टेस्टरमधला छोटा नियॉन दिवा जोडा, म्हणजे ठिणगी पडली तरी मीटर वाचतो. पण हा रेझिस्टर कुठे बसवता ते महत्त्वाचं. मी दोन वर्षं तो फॉइलच्या वायरीत लावत होतो आणि म्हणून निम्मी गळती मला कधी दिसलीच नाही. तो फ्लायबॅकच्या हाय व्होल्टेजच्या परतीच्या पिनेला लावायचा, आणि त्याच्या पलीकडच्या टोकाला फॉइल आणि अर्थिंग दोन्ही जोडायचे. मग वीज फॉइलमधून परतो, टेबलातून परतो की भिंतीतून, सगळी मीटरमधूनच जाते. वर दिलेला ०.५५ चा आकडा ही जोडणी केल्यावरचा आहे.

व्होल्टेज मोजायला दहा मेगओहमचे शंभर रेझिस्टर एकापुढे एक जोडून पीव्हीसी पाइपात घातले. एकूण एक हजार मेगओहम. त्याच्या खालच्या टोकाला मायक्रोअँपिअरचा मीटर. एक मायक्रोअँपिअर म्हणजे एक किलोव्होल्ट, हिशेबाची कटकट नाही. शंभर रेझिस्टर सोल्डर करायला एक रविवार जातो, पण त्यानंतर अंदाजपंचे बंद होतात.

मेगरची गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण माझ्यासारखे धंद्यातले लोक नेमके तिथेच फसतील. मला संशय कामट्यांवर होताच. दुकानातला हाताने फिरवायचा पाचशे व्होल्टचा मेगर लावला. काटा सरळ इन्फिनिटीवर. म्हटलं, कामटी ठणठणीत आहे. मोटारीच्या बाबतीत काटा तिथे गेला की मी गिऱ्हाइकाला "घेऊन जा" म्हणतो. पण त्या मेगरचं प्रमाण शंभर मेगओहमपर्यंत, त्यापुढे सगळं त्याला इन्फिनिटीच. आमची एक ओली कामटी निघाली ३८० मेगओहमची. ४१५ व्होल्टच्या मोटारीला एवढा रोध म्हणजे सोनं. १९ हजार व्होल्टला मात्र त्यातून ०.०५ मिलिअँपिअर निसटतात. तीन कामट्यांचे झाले ०.१५. म्हणजे वारा करणाऱ्या करंटएवढाच करंट नुसत्या काड्या पिऊन बसल्या होत्या.

काडी एकटी तपासायची सोपी रीत अशी. काडीच्या दोन टोकांना फॉइलचे आवळ्याएवढे गुळगुळीत गोळे करून बसवा, मधे तीन सेंटीमीटर काडी उघडी. कुठे टोक, चुणी, कोपरा नको. मग १५ किलोव्होल्ट द्या. गोळे मोठे आणि गुळगुळीत असल्यामुळे एवढ्यावर कोरोना होत नाही, तेव्हा मीटरवर जे दिसेल ते सगळं काडीचं. आमच्या जुलैतल्या कामटीने ०.०४ दाखवले. तीच कामटी साठ वॉटच्या पिवळ्या बल्बखाली पत्र्याच्या डब्यात रात्रभर ठेवली, सकाळी काटा शून्यावर. दुपारपर्यंत उघडी ठेवली आणि परत ०.०३. बांबू, बाल्सा, उदबत्तीची काडी, सगळी शेवटी लाकडंच. हवेतलं पाणी स्पंजासारखी ओढतात. वर आपल्या बोटांचा घाम, म्हणजे मीठ.

लोक म्हणतात, दमट हवा वीज लवकर सोडते. हवेपुरतं ते खरं नाही. वाफ मिसळलेली हवा अशा फटीत जवळपास तेवढंच व्होल्टेज सोसते, कधी किंचित जास्तच. बिघडतो तो घन वस्तूंचा पृष्ठभाग. म्हणून पावसाळ्यात फट वाढवून फायदा होत नाही. मी चार सेंटीमीटर केली होती, उचल आणखी कमी झाली.

खिडकीचा गज

कामट्यांचे ०.१५ सापडले. वाऱ्याचे ०.१५ धरले तरी ०.२५ चा पत्ता लागेना. फॉइलवाल्या वायरीत मीटर लावला की ते दिसत नव्हते, परतीच्या पिनेला लावला की दिसत होते. म्हणजे ही वीज फॉइलला न शिवता बाहेरून जात होती.

शेवटी रात्री नऊला लाइट घालवले, खिडकीला गोधडी लावली आणि दहा मिनिटं अंधारात नुसते बसलो. डोळे अंधाराला सरावायला तेवढा वेळ लागतोच, दोन मिनिटांत बघून "काही नाही" म्हणू नका. सप्लाय चालू केला. तारेवर नेहमीची जांभळी झाक, सारखी, तिन्ही बाजूंना. फॉइलवर काही नाही. मग पुतण्या म्हणाला, "काका, खिडकीकडं बघा की." गोधडीच्या कडेला, गजावर, ज्वारीच्या दाण्याएवढा निळसर ठिपका धडधडत होता.

झालं होतं असं. तारेकडे जाणारी हाय व्होल्टेजची बारीक वायर लिफ्टरवर लोंबू नये म्हणून आम्ही ती तिच्या उघड्या जोडापाशी शिवणाच्या सुती दोऱ्याने खिडकीच्या गजाला टांगली होती. फेब्रुवारीत तो दोरा दोरा होता. जुलैत तो ओली वात झाला होता. आणि गज गेलाय पावसाने भिजलेल्या भिंतीत, म्हणजे चांगलं अर्थिंग. दोरा कात्रीने कापला. अर्थात सप्लाय बंद करून, डिस्चार्ज करून. मीटर ०.५५ वरून खाली आला आणि व्होल्टेज वर चढलं. लिफ्टरचे दोन कोपरे उचलले, तिसरा अजून टेबलाला चिकटून. पुतण्याने शिट्टी वाजवली, मी त्याला गप्प केलं. रात्रीचे साडेनऊ वाजले होते आणि खालच्या मजल्यावर आधीच आमच्या वासाबद्दल तक्रार होती.

आता तिथे मासे पकडायची तंगूस आहे. तंगूस नायलॉनची. नायलॉनही थोडं पाणी घेतं, पण गुळगुळीत एकसंध धाग्यावर पाण्याची सलग वाट होत नाही. लिफ्टर टेबलाला बांधायलाही तीच. सुती दोरा, सुतळी, कागदी चिकटपट्टी ही मंडळी हाय व्होल्टेजच्या वाऱ्यालाही उभी करू नका.

काड्यांचं काय केलं

दोन उपाय आहेत. दोन्ही केले, आता एकच वापरतो.

पहिला माझ्या धंद्यातला: वाळवा आणि बंद करा. काडी बल्बखाली पूर्ण वाळवायची आणि गरम असतानाच लेप द्यायचा. आधी लेप आणि मग वाळवणं म्हणजे पाणी आत कोंडणं. मोटारीत ही चूक करणारा कारागीर माझ्याकडे टिकत नाही. लेपाला मी मिरजेच्या तंतुवाद्य कारागिरांकडे मिळतो तसा चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून वापरला. दोन पातळ हात. मेणबत्तीचं मेणही चालतं, पण जाड बसतं आणि इथे दशांश ग्रॅमचा हिशेब आहे. वाइंडिंगचं वार्निश तर नकोच, त्यातच लिफ्टर जड होतो.

दुसरा उपाय आळशी आणि चांगला: उभ्या काड्या लाकडाच्या ठेवूच नका. शहाळ्याबरोबर पूर्वी मिळायची तसली प्लॅस्टिकची स्ट्रॉ घ्या, उभी चिरून अर्धी करा, तिचा खांब करा. ते प्लॅस्टिक पाणी पीत नाही. सध्या कागदी स्ट्रॉ देतात, ती घेऊन आलात तर परत पहिल्या पानावर. आडव्या काड्या बांबूच्या असल्या तरी बिघडत नाही, त्या फॉइलच्या पातळीवर असतात आणि त्यांच्यावर व्होल्टेजच नसतं. खांब बसवल्यावर बोटं लागलेली जागा स्पिरिटच्या कापसाने पुसा.

एप्रिलमधली तीच तक्रार, कारण वेगळं

आता हे वाचून कोणी म्हणेल, मग उन्हाळ्यात निर्धास्त. सांगलीत तरी नाही. आमचं घर मार्केट यार्डाच्या वाऱ्यात. हळदीचा हंगाम जोरात असला की खिडकीच्या कट्ट्यावर पिवळी धूळ बसते. लिफ्टर म्हणजे धूळ ओढायचं यंत्रच. औष्णिक वीज केंद्राच्या धुरातली राख पकडायला हेच तत्त्व वापरतात: तारेपाशी कोरोना, कणांवर भार, भारित कण पत्र्याला चिकटतात. आमच्या फॉइलची वरची कड तीन आठवड्यांत पिवळी झाली.

कोरडी धूळ वीज वाहू देत नाही. आयन तिच्यावर येऊन साचतात, त्या पातळ थरातच दाब वाढतो आणि थर जागोजागी फुटतो. फुटला की फॉइलकडूनही उलट्या भाराचे आयन निघतात आणि वर तारेकडे पळतात. अंधारात फॉइलवर टाचणीच्या टोकाएवढे ठिपके दिसतात. लक्षण ऐका: करंट वाढतो, उचल घटते. डिट्टो जुलैसारखं. फरक एवढाच की उजेड कुठे आहे. काडीवर किंवा दोऱ्यावर असेल तर ओल, फॉइलवर ठिपके असतील तर धूळ किंवा फॉइलची चुणी. धुळीला उपाय ओल्या फडक्याचा आणि मग स्पिरिटचा, पाच मिनिटांचं काम. फॉइलची वरची कड कापून तशीच ठेवली असेल तर ती सुरीच्या धारेसारखी असते आणि धूळ नसतानाही ठिपके देते. ती आडव्या काडीवरून गोल वळवून घ्या.

तारेबद्दल

तारेचा त्रास ऋतूवर अवलंबून नाही, तेव्हा थोडक्यात. आमच्या दुकानात ४२ गेजची तांब्याची तार मिळते, साधारण ०.१ मिलिमीटर जाड. तिच्यावर इनॅमल असतं, ते काढल्याशिवाय ती तार लावू नका. आगकाडीच्या ज्योतीने इनॅमल जळून जातं ही समजूत जाड तारेची. एवढ्या बारीक तारेला ज्योत दाखवली की तारच जाते. बारीक पॉलिश पेपरात चिमटीत धरून दोन-तीनदा ओढायची. पुतण्याने एकदा मिरजेहून सितारीची स्टीलची तार आणली, ०.३ मिलिमीटरची. मजबूत, सरळ, दिसायला देखणी. पण जाड तारेला कोरोना उशिरा लागतो, नऊ किलोव्होल्टच्या पुढे, म्हणजे उपयोगाचं व्होल्टेज तेवढं कमी उरतं. सितारीला ती तार बरी.

तारेला घडी पडली असेल किंवा टोक बाहेर आलं असेल तर ठिणगी नेहमी तिथूनच सुटते. अशी तार सरळ करत बसू नका, बदला.

कृष्णधवल टीव्हीच्या जुन्या फ्लायबॅकमध्ये बरेचदा आत डायोड (एसीचं डीसी करणारा) नसतो, त्याची वेगळी कांडी असते. ती न लावता लिफ्टर चालवायला जाल तर आवाज, वास, प्रकाश सगळं मिळेल, उचल नाही. एसीवर आयन पुढे-मागे हेलकावतात.

डोंगरावरची चूक

मागच्या हिवाळ्यात पुतण्या हा लिफ्टर पाचगणीला मित्रांना दाखवायला घेऊन गेला. सांगलीत ठणठणीत चालणारा, तिथे पहिल्या मिनिटात ठिणग्या. फोन आला, "काका, इथं तर ऊन पडलंय, ओल कुठली?" ओल नव्हतीच. सांगली समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर, पाचगणी तेराशेच्या जवळ. वर हवेचा दाब साधारण आठ टक्क्यांनी कमी. थंडीमुळे हवा थोडी घट्ट होते, तेवढं वजा जाता सहा-सात टक्के विरळ. हवा विरळ तसं ती फुटायचं व्होल्टेज कमी. इथे आम्ही फट अगदी काठावर ठेवली होती, तिथे तो काठ ओलांडला गेला. ३० ची ३३ मिलिमीटर केली आणि चालला. साताऱ्याकडची कोणी कासला वगैरे नेणार असतील तर फट आधीच वाढवून न्या.

हाताळताना

सप्लाय बॅटरीवर ठेवा, घरातल्या २३० वर नको. असा ड्रायव्हर लावलेला फ्लायबॅक टीव्हीत देतो त्याहून जास्त करंट देऊ शकतो, आणि तो जीव घेऊ शकतो. टीव्ही मेकॅनिकचा "ईएचटीचा झटका काय, नुसता चिमटा" हा अनुभव इथे लागू नाही. चालू असताना मीटरला, वायरीला, टेबलाला हात नाही. एक हात खिशात. बंद केल्यावर पीव्हीसी पाइपाला बांधलेली अर्थिंगची वायर तारेला टेकवायची, मग फ्लायबॅकच्या टोकाला, मग परत एकदा तारेला, कारण पहिल्या स्पर्शाने सगळा भार जातोच असं नाही. मला एकदा बंद लिफ्टरने कोपरापर्यंत हाणलंय. वास येऊ लागला की खिडकी उघडा. ओझोन छातीला बरा नव्हे.

वजन

गळती शून्य, व्होल्टेज २५, तार सारखी जांभळी आणि तरीही बसला असेल, तर तो जड आहे. हे मोजायला किचनमधला काटा नको, तो ग्रॅमच्या खाली खोटं बोलतो. मी लिफ्टर सराफाकडे नेला. काचेच्या पेटीतल्या काट्यावर तो ठेवताना सराफाने फॉइलकडे बघून विचारलं, "चांदी का?" म्हटलं, स्वयंपाकघरातली. बांबूचे खांब असतानाचा ३.४ ग्रॅम. चपड्याचे दोन हात दिल्यावर ३.९, म्हणजे ओल गेली पण जडपणा आला, आणि २५ किलोव्होल्टवर तो जेमतेम तरंगायचा. स्ट्रॉचे खांब आणि बाल्साच्या आडव्या काड्या घेऊन नवीन बांधला तो २.१.

बॅटरीही वर चढवता येईल का, असं पुतण्या दर वेळी विचारतो. अमेरिकेत सेव्हर्स्की यांनी १९६४ साली आयनोक्राफ्टचं पेटंट घेतलं, त्यांचंही मॉडेल जमिनीवरच्या सप्लायला वायरने जोडलेलंच उडायचं. वीज स्वतःबरोबर घेऊन उडालेलं विमान मॅसॅच्युसेट्सच्या एमआयटीत स्टीव्हन बॅरेट यांच्या गटाने केलं, ते २०१८ साली प्रसिद्ध झालं: पंखांचा पसारा पाच मीटर, वजन अडीच किलोच्या आत, ४० किलोव्होल्ट, आणि बंद क्रीडागृहात साठएक मीटरचं उड्डाण. त्यालाही पंखांनी उचललं होतं, वाऱ्याने फक्त पुढे ढकललं. तीन कोपऱ्यांच्या फॉइलवर मोबाइलची बॅटरी ठेवण्याचा प्रश्न येत नाही.

२.१ ग्रॅमवाला या जुलैत, बाहेर चार दिवस सलग झड लागलेली असताना, १९ किलोव्होल्टवरच तंगूस ताणून उभा राहिला. परतीच्या पिनेवर मीटर ०.१६ दाखवत होता. गजाला आता काही बांधलेलं नाही.